जालीम औषध की नेमके औषध?



आजचा विषय पत्रिकेत वाचून काहींच्या मनात आले असेल, की वसंतातल्या संध्याकाळी मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचे रडगाणे कशाला? माझे उत्तर असे, की ही कथा आता केवळ रडण्याची उरलेली नाही. मात्र ती एका ठिकाणी अजून अडते आहे. तेथपर्यंत मला आपल्याला न्यायचे आहे.

आपले रक्त हाडांतल्या मज्जेत तयार होते. तेथे कच्च्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्या, की बाकीच्यांना जागा उरत नाही. मूल फिकट पडते, ताप हटत नाही, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उठतात. ऐंशी वर्षांपूर्वी ह्या रोगावर औषधच नव्हते.

पहिल्या औषधाच्या कथेचा एक धागा मुंबईतून निघतो. १९२८ साली लूसी विल्स ह्या इंग्रज डॉक्टरीणबाई तेथे आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा पंडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होतो, असे त्यांनी दाखवले. त्यातले गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. पण हेच द्रव्य कर्करोगाच्या पेशींनाही पोसते, असे बोस्टनच्या सिडनी फार्बर यांना दिसले. मग त्या पेशींना ह्या द्रव्याचा तोतया चारला तर? असा तोतया भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या मंडळींनी अमेरिकेत बनवला. १९४८ साली फार्बर यांनी जाहीर केले, की १६ पैकी १० मुलांचा रोग हटला. पण थोड्याच काळात तो परतला.

पुढे नवी औषधे आली. त्यांतले एक तर आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून निघाले. मेंफिसला डोनाल्ड पिंकेल यांनी ही औषधे एकत्र वापरली, मेंदूभोवती दडलेल्या पेशींवरही उपचार केले, आणि १९७० च्या सुमारास निम्मी मुले बरी होऊ लागली. आज संपन्न देशांत दहांपैकी सुमारे नऊ वाचतात.

उरलेल्या दहाव्याचे काय? अडते ते येथेच. वर्षाच्या आतली बाळे, दहा वर्षांवरची मुले, रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये पन्नास हजार किंवा अधिक पांढऱ्या पेशी असलेली, काही विशिष्ट गुणसूत्रदोष असलेली, ही अधिक जोखमीची मुले. त्यांना औषध अधिक जालीम द्यावे, हा पहिला विचार. त्याने काहींचा लाभही झाला. पण विषाला मर्यादा असते. रोग आटोक्यात यावा आणि मूल जंतुसंसर्गाने दगावावे, हा कोणता विजय?

तेव्हा संशोधकांनी प्रश्न बदलला. किती औषध, असे न विचारता, कोणते औषध, असे विचारले. फिलाडेल्फिया शहराच्या नावाचे एक दोषी गुणसूत्र थोड्या मुलांत आढळते. त्या दोषावरच नेम धरणारे इमॅटिनिब रसायनोपचाराला जोडले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, तीन वर्षांनी रोग न उलटलेली मुले शंभरात ८० होती. पूर्वी ती ३५ असत. तान्ह्या बाळांच्या एका घातक प्रकारात ब्लिनाट्युमोमॅब देऊन पाहिले. हे औषध एका हाताने रोगट पेशीला आणि दुसऱ्याने शरीराच्या रक्षक पेशीला धरून दोघींची गाठ घालते. २०२३ साली कळले, की दोन वर्षांनी रोगमुक्त बाळांचे प्रमाण शंभरी ४९ वरून ८२ वर गेले. बाळे तीसच होती, आणि तुलना आधीच्या बाळांशी होती. म्हणून आशा धरावी, पण डंका पिटू नये.

आपल्याकडेही २०२३ साली मुंबईच्या आयआयटी आणि टाटा रुग्णालयाच्या संशोधनातून निघालेल्या पेशी-उपचाराला परवानगी मिळाली. तेव्हा ती पंधरा वर्षे व त्यावरील रुग्णांपुरती होती. लहानग्यांसाठी वाट अजून चालायची होती.

आता शेवटची गोष्ट, आणि ती प्रयोगशाळेतली नव्हे. पहिल्या महिन्यानंतर मूल बहुधा हसूखेळू लागते. पण दहा हजारांत एक रोगट पेशी उरली, तरी ती आजच्या तपासणीत सापडते, आणि तीच पुढचा धोका सांगते. बरे दिसणे आणि बरे होणे यांत हे अंतर आहे. उपचार दोन-अडीच वर्षांचा असतो. पैसा संपला, गाव लांब पडले, मूल बरे दिसले, म्हणून तो अर्ध्यावर सुटतो, आणि अशा मुलाला जगातले कोणतेही नेमके औषध पुरे पडत नाही. आपल्या आळीत असे एखादे घर असेल, तर त्याचा प्रवासखर्च, रक्तदान, धाकट्या भावंडांना दोन घास, एवढे आपल्या हातचे आहे. ते झाले, तर आजची संध्याकाळ कारणी लागली असे मी समजेन.