तडजोड कोणाला हवी होती?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाचा भाव सोडून आज इंग्लंडातल्या दुकानदाराची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. कारण सरळ आहे. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांनी व्यापार करारावर सह्या केल्या. आपल्या सुती कपड्यांवर तिकडे शून्य आयातकर, असे त्यात लिहिले आहे. शून्य कर म्हटले की टाळ्या पडतात. टाळ्या वाजवण्याआधी, शून्य कर मिळूनही छोटा माणूस कसा बुडाला ते खुद्द ब्रिटनमध्येच पाहून घेऊ.

ब्रिटन १९७३ पासून युरोपच्या सामाईक बाजारपेठेत होता. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. छोट्या धंदेवाल्यांतही अशीच फूट होती. जो आपल्या गावातच पाव विकतो, समुद्रापार एक खोकेही धाडत नाही, त्यालाही ब्रुसेल्समध्ये लिहिलेले नियम लागू होते. त्याला राग आला तर आम्ही त्याला अडाणी म्हणणार नाही. दिल्लीत बसून कोरडवाहूचे नियम लिहिणारे आपण पाहिलेले आहेत. ज्याचे गिऱ्हाईक फ्रान्समध्ये, त्याला आत राहायचे होते. छोट्या धंद्यांची तिथली मोठी संघटना, फेडरेशन ऑफ स्मॉल बिझनेसेस, हिने तर सार्वमतात कोणाचीच बाजू घेतली नाही.

निकाल लागल्यावर मात्र या लोकांचे म्हणणे बरेचसे एका जागी आले. जायचे तर जा, पण मुदत द्या. नियम एकदाच बदला. आणि बंदरावर आमचा माल अडवू नका. ही तडजोडीची भाषा आहे, बाजारात रोज बोलली जाते.

पार्लमेंटात ती कोणाला येत नव्हती. पंतप्रधान थेरेसा मे यांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये एक करार आणला. त्यात २०२० च्या अखेरपर्यंत संक्रमणाची मुदत होती. १५ जानेवारी २०१९ रोजी तो ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला. मार्चमध्ये आणखी दोनदा पडला. जकात संघात राहू या, असा मधला ठराव १ एप्रिलला आला, तो २७६ विरुद्ध २७३ असा, अवघ्या तीन मतांनी गेला. काही हुजूर पक्षवाल्यांना सोळा आणे बाहेर पडायचे होते, विरोधातल्या काहींना सोळा आणे आत राहायचे होते. दोघांनी मिळून बारा आण्यांची तडजोड पाडली. त्याआधीच, डिसेंबर २०१८ मध्ये, धंदेवाल्यांच्या पाच मोठ्या संघटनांनी एकत्र पत्रक काढले होते की पुढारी गटबाजीत गुंतले आहेत आणि आम्ही धसक्याने पाहत बसलो आहोत. फेडरेशन त्या पाचांत होती.

शेवटी बोरिस जॉन्सन यांच्या सरकारने करार केला तो २४ डिसेंबर २०२० ला. लागू झाला १ जानेवारीला. बाराशेहून अधिक पानांचा करार, आणि वाचायला नाताळ धरून आठवडा.

करारात कर शून्यच होता. मग अडले कुठे? दाखल्यांत. चीज, मांस, मासळी युरोपात धाडायची तर पशुवैद्याच्या सहीचा दाखला हवा. चेशर परगण्यातल्या एका चीजवाल्याची हकीकत तिथल्या वर्तमानपत्रांत गाजली. तो युरोपातल्या गिऱ्हाइकांना पंचवीस-तीस पौंडांच्या चीजच्या पेट्या टपालाने धाडी. आता पेटीमागे दाखला १८० पौंडांचा. कंटेनर भरून धाडणाऱ्या बड्या कंपनीलाही दाखल्याचा दर जवळपास तोच. तिच्या दर किलोमागे तो दिसतसुद्धा नाही. कर मालाच्या किमतीवर बसतो, कागद खेपेवर बसतो. त्यामुळे कागदाचा कर छोट्यावर सर्वांत जड.

त्यातही वाईट हाल एका ट्रकात दहा जणांचा माल भरणाऱ्यांचे. एकाचा कागद चुकला की दहाही जण नाक्यावर. जानेवारी २०२१ मध्ये स्कॉटलंडच्या मासळीवाल्यांचा असा माल एका मोठ्या वाहतूक कंपनीने काही दिवस घेणेच थांबवले. मग १८ जानेवारीला त्यांनी आपले ट्रक थेट लंडनमध्ये पंतप्रधानांच्या घराजवळ नेऊन उभे केले. (आंदोलन करायला इंग्रजालाही यावे लागते तर!)

आता शेतीकडे या. स्कॉटलंडचे बेण्याचे बटाटे नावाजलेले. १ जानेवारी २०२१ पासून युरोपने ते घेणे बंद केले. ३१ डिसेंबरला जे बेणे निरोगी होते त्याला रात्रीत रोग लागला नाही. ब्रिटनने युरोपचे बदलते नियम पुढेही पाळायचे कबूल केले नाही, म्हणून दार लागले. उत्तर आयर्लंड तर ब्रिटनचाच भाग, पण तिथे माल धाडताना युरोपचे नियम लागू राहिले. मुळाला इंग्लंडची माती चिकटलेली रोपेसुद्धा तिकडे नेता येईनात.

कपड्याचेही ऐका, कारण हे आपल्या कापसाशी भिडते. भारतात शिवलेला शर्ट लंडनच्या छोट्या व्यापाऱ्याने नुसता बांधून पॅरिसला धाडला, तर तो ब्रिटनचा माल धरत नाहीत. युरोपचा कर त्याच्यावर पुन्हा बसतो.

सरकारने छोट्यांसाठी दोन कोटी पौंडांचा निधी काढला, धंद्याला फार तर दोन हजार पौंड, तेही प्रशिक्षणाला आणि सल्ल्याला. तोट्याला नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये हिशेब मांडला तेव्हा १६,४०० धंद्यांनी युरोपला माल धाडणे सोडून दिलेले होते. बड्यांची निर्यात जवळपास जागेवर राहिली.

छोट्यांची मागणी रास्त होती, पण पोकळ होती असे आमचे मत आहे. त्यांनी निश्चितता मागितली. निश्चितता वाईट कराराचीही असते. ती त्यांना मिळाली. अमुक कलमाशिवाय तडजोड नाही, पशुवैद्याचा दाखला खेपेमागे चालणार नाही, असे नेमके बोट त्यांनी वेळेवर ठेवायला हवे होते. आता १९ मे २०२५ च्या बैठकीत ब्रिटन आणि युरोप यांनी अन्नमालाचे नियम पुन्हा जुळवण्याचे ठरवले. म्हणजे २०१८ मध्ये ज्या तडजोडीला शिव्या पडल्या, तिचाच एक तुकडा. मधल्या काळात युरोपच्या गिऱ्हाइकाने दुसरा पुरवठादार धरला आहे.

म्हणून आजच्या ठरावात आम्ही कराच्या टक्क्यांबद्दल एक ओळही घातलेली नाही. आपल्या बचत गटाने ज्वारीच्या बिस्किटांची वीस खोकी ब्रिटनला धाडली तर तपासणी कुठे होणार, जिल्ह्यात की मुंबईत? शुल्क खोक्यामागे की ट्रकमागे? एकाचा दाखला चुकला तर बाकीच्यांचा माल सुटणार की नाही? कापूस कोणत्या गावचा हे सिद्ध करण्याचा खर्च जिनिंगवाला भरणार की आपल्या भावातून कापणार? हे प्रश्न दोन्ही सरकारांना लेखी विचारायचे आहेत. ठरावाच्या प्रती मागच्या रांगेपर्यंत पोचल्या असतील, त्या वाचा. काही सुटले असेल तर जेवणाच्या सुटीआधी लिहून द्या.