अंगणाला विचारून



घर आणि बाग देखणी कशी करावी, या विषयावर मला बोलायला सांगितलं आहे. मी कविता करणारा माणूस, आर्किटेक्ट नव्हे. पण काही वर्षांपूर्वी कोकणातल्या आमच्या घराची दुरुस्ती काढली आणि या विषयाचं शिक्षण न मागता पदरात पडलं.

घर जुनं, जांभ्याचं. वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी, पडवीपुढे अंगण. कंत्राटदारानं पहिल्याच दिवशी यादी सांगितली : भिंतींना प्लास्टर, पडवीला सरकत्या काचा, अंगणभर पेव्हर ब्लॉक. धाकट्या भावाला ते पटलं. खरं सांगायचं तर मलाही. चिखल नको, पालापाचोळा नको.

अम्मा काही बोलली नाही. असरच्या नमाजाची वेळ झाली होती. तोटीचा लोटा घेऊन ती नेहमीसारखी पडवीच्या कडेला वजू करायला बसली. ते पाणी दगडात कोरलेल्या बोटभर पन्हाळीतून मेंदीच्या झुडपाला जातं, तिथून मोगऱ्याला. दिवसातून पाच वेळा. त्या झाडांना कुणी वेगळं पाणी घातलेलं मला आठवत नाही. वजू आटोपून ती एवढंच म्हणाली, "बाबा, फरशी घाल हवी तर. पण हे पाणी कुठं जाईल, ते आधी सांग."

उत्तर आम्हा दोघांकडेही नव्हतं. काम थांबलं.

पुढे एका कविसंमेलनाच्या निमित्तानं तिरुवनंतपुरमला गेलो. तिथे लॉरी बेकर यांनी १९७०च्या दशकात उभारलेली सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज ही संस्था पाहिली. बेकर जन्मानं इंग्रज, पण १९४०च्या दशकात भारतात आले आणि २००७ मध्ये केरळातच वारले. गांधीजींशी झालेल्या भेटीची आठवण ते सांगत : घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून बांधावं, असं गांधीजींचं म्हणणं. संस्थेच्या आवारात भिंत चालता चालता झाडापाशी येते आणि वळसा घालून पुढे जाते. झाड आधीचं, भिंत मागून आलेली! विटा उघड्याच. त्या कडेवर उभ्या करून मध्ये पोकळी ठेवायची त्यांची पद्धत. विटा सुमारे पाव हिश्शानं कमी लागतात आणि पोकळीमुळे ऊन आत झिरपत नाही. जाळीच्या भिंतींतून वारा खेळतो आणि उजेडाची नक्षी जमिनीवर दिवसभर सरकत राहते. सजावटीचा वेगळा खर्च कशाला?

ते पाहताना आमचा चिरा आठवला. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. आमच्या घराचा चिरा गावाबाहेरच्याच खाणीतला. म्हणजे पाच मैलांची अट आजोबांनी न ऐकताच पाळली होती, आणि आम्ही तिच्यावर सिमेंट थापायला निघालो होतो.

परत आल्यावर प्लास्टर रद्द केलं. चिऱ्यांच्या दरजा तेवढ्या नव्यानं भरल्या. पडवी उघडीच ठेवली. अंगणात चालण्यापुरत्या जांभ्याच्या लाद्या बसवल्या, मधली माती मोकळी. पन्हाळीला हात लावला नाही.

एक चूक मात्र होऊन गेली होती. मागीलदारी, माझा प्रवास चालू असताना, मजुरांनी फणसाच्या बुंध्यापर्यंत कोबा करून टाकला. तिसऱ्या उन्हाळ्यात फणस वाळला. कोबा फोडायला लावला तेव्हा उशीर झाला होता. त्या झाडाखाली आमच्या घरातली तीन लग्नं झाली होती.

अम्मा आता नाही. वजूचं पाणी पूर्वीइतकं होत नाही. भाऊ सकाळी तोंड धुवायला पडवीच्या कडेलाच बसतो. आत बाथरूम आहे, चकचकीत टाइल्सचं. त्यानंच हौसेनं बांधून घेतलेलं.