पोरांच्या हातात बाटली कोण देतो?

(साकीनाक्याला मजुरीला असलेल्या आपल्या लोकांच्या रविवारच्या बैठकीतलं भाषण. पाड्यावर वाचून दाखवावं.)



काका-मामांनो, बायांनो, आणि मागं उभं राहून हसणाऱ्या पोरांनो, तुम्हीपण ऐका.

महाराष्ट्रात बिअरला 21 आणि कडक दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात, वर परवाना लागतो. 2011 साली सरकारनं व्यसनमुक्तीचं धोरण काढलं तेव्हा यावर पेपरात मोठा वाद झाला. इम्रान खान नावाचा सिनेमातला नट 25 च्या अटीविरुद्ध हायकोर्टात गेला. वय कमी करा म्हणणारे सांगतात, अठराव्या वर्षी मत देता येतं, मग दारूलाच बंदी का? गोव्यात तर 18 ला मिळते. मला त्यांचा राग नाही. पण त्या वादात आपला पोरगा कुठंच नाही. त्याचं वय कोणी विचारलंच नाही.

माझ्या काकाचा पोरगा इथं खैरानी रोडच्या आतल्या गल्लीत एका कारखान्यात लागला, तेव्हा पंधरा वर्षांचा होता. रात्री माल भरायचा असला की ओव्हरटाइमचे पैसे नाहीत, मालकाचा माणूस क्वार्टर आणून द्यायचा, सोबत चकणा. पहिल्या महिन्यात ओकला. चौथ्या महिन्यात स्वतःच मागायला लागला. दिवाळीला हिशोब केला तर उचल फिटलेली नव्हती. क्वार्टरचे पैसे वहीत मांडले होते! म्हणजे मजुरीपण गेली आणि दारूपण फुकट नव्हती.

ही वही आपल्याला नवी नाही. इंग्रजांनी 1878 चा अबकारी कायदा केला, घरची मोहाची दारू गुन्हा ठरली आणि ठेकेदाराचं दुकान पाड्याजवळ आलं. दारू उधार, वहीत अंगठा, मग खाचर त्याचं. 1922 साली सुरतेकडच्या आदिवासींनी देवीच्या नावानं दारू-ताडी सोडली आणि दारूवाल्या शेटकडं कामाला जायचंच बंद केलं. आज वनहक्काचा पट्टा विकता येत नाही, म्हणून पट्ट्याऐवजी पोरगा वहीत जातो.

आपलंही खोटं नको. देवाला मोहाची धार लागते, लग्नात ताडी लागते, आणि हसतहसत आपण पोराच्या तोंडालाही गलास लावतो. मी नववीत असताना प्यालोय. सणाचा घोट वेगळा, असं मी म्हणायचो. आता तेवढी खात्री नाही, चव तिथंच लागते.

कायदा ऐका. बाल न्याय कायदा 2015, कलम 77. अठराच्या आतल्या पोराला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कलम 78 मध्ये, पोराला बाटली विकायला, वाहून आणायला लावलं तरी तेवढीच शिक्षा. म्हणजे 21 का 25 हा वाद कसाही सुटो, पंधराच्या पोराला देणारा गुन्हेगारच.

दुकान बंद करायचं म्हटलं तर शहरातही मतदान होतं. प्रभागातल्या 25 टक्के बायांच्या सह्या, मग उभी बाटली-आडवी बाटली. पण आपली मतं गावच्या यादीत, इथल्या यादीत आपण नाहीच. गावाला उलट आहे. तिथं 1996 चा पेसा कायदा आहे, दारूवर बंदी किंवा नियंत्रण आणायचा अधिकार ग्रामसभेला आहे. पण मुकादम उचल देऊन पोरगा नेतो तेव्हा ग्रामसभेला कोण विचारतं?

म्हणून एक वही आपणपण करू. इथं ठेवलीय. ज्याच्या घरचं अठराच्या आतलं पोर नाक्यावर कामाला आहे त्यानं पोराचं नाव, पाडा, गल्ली, मुकादम कोण, उचल किती आणि ती कोणी घेतली, एवढं लिहावं. लिहिता येत नसेल तर मी लिहितो. होळीला गावी गेलो की ही वही ग्रामसभेपुढं ठेवायची. उचल घेणाऱ्या बापाचं नावही वाचलं जाईल, मग कोणी चिडायचं नाही. पहिलं नाव माझ्या काकाचं लिहिलंय.