पांडुरंग नावाच्या राज्यात एक दिवस



संयोजकांनी मला 'प्रवास' हा विषय दिला. तरुण मुलंमुली येणार आहेत, तेव्हा उपयोगाचं बोला, कसे गेलात, काय पाहिलंत, जेवणाचं काय केलंत ते सांगा, असं ते म्हणाले. ते सांगतोच. पण या प्रवासात मला माझीच एक जुनी चूक सापडली, आमच्या घरातली. तीही सांगणार आहे.

मी फेब्रुवारीच्या शेवटी व्हिएतनामला गेलो. आमच्या कंपनीची टेस्टिंग टीम तिथे आहे, त्यामुळे रोज व्हिडिओ कॉलवर भेटणारी माणसं प्रत्यक्ष पाहावीत हाही एक हेतू होता. हा देश क्षेत्रफळाने महाराष्ट्रापेक्षा थोडासाच मोठा आहे. महाराष्ट्र सुमारे ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर, व्हिएतनाम सुमारे ३ लाख ३१ हजार. फरक आकारात आहे. तो उत्तर-दक्षिण १६५० किलोमीटर लांब आहे आणि मधे एका ठिकाणी जेमतेम ५० किलोमीटर रुंद. म्हणजे पुण्याहून लोणावळ्याला पोहोचायच्या आत देश संपतो!

असा देश पाहायचा सोपा मार्ग म्हणजे चार-पाच शहरांत मुक्काम करायचा, तिथून सकाळी जाऊन संध्याकाळी परत अशा सहली करायच्या आणि लांबचं अंतर रात्रीच्या रेल्वेने कापायचं. हनोई ते सायगाव, म्हणजे आजचं हो ची मिन्ह सिटी, हा रेल्वेमार्ग १७२६ किलोमीटरचा आहे. फ्रेंचांनी तो १९३६ मध्ये पूर्ण केला. पुढे देशाची फाळणी झाली, युद्ध झालं, मार्ग तुटला. युद्ध संपल्यावर १९७६ च्या अखेरीस उत्तर-दक्षिण गाडी पुन्हा धावली.

जेवणाची चिंता मलाही होती. मोठ्या शहरांत हलाल हॉटेलं मिळतात. इतरत्र दुकानावर 'चाय' अशी पाटी शोधायची. तिथल्या भाषेत त्याचा अर्थ शाकाहारी. पहिल्या दिवशी मी चहा प्यायला म्हणून आत शिरलो आणि समोर टोफू-भात आला.

पहिला शुक्रवार हनोईत. जुन्या पेठेत हांग लुऑक रस्त्यावर अल-नूर मशीद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतीय मुसलमान व्यापाऱ्यांनी ती बांधली. ते व्यापारी गेले, मशीद राहिली. जुम्म्याला शेजारी एक इंडोनेशियन, पुढच्या सफेत आफ्रिकेतले विद्यार्थी. बाहेर बारीक पाऊस आणि जॅकेट घालावं अशी थंडी.

दुसऱ्या दिवशी निन्ह बिन्ह. हनोईहून साधारण दोन तास. भातशेतीच्या मधून एकदम उभे राहणारे चुनखडीचे डोंगर आणि त्यांच्या पोटातल्या गुहांतून जाणारी नदी. होड्या बहुतेक बायकाच वल्हवतात, काही जणी तर चक्क पायांनी. रात्रीच्या गाडीने ह्युए. न्ग्वेन घराण्याची ही राजधानी, १८०२ ते १९४५. ह्युए ते दा नांग हा टप्पा मात्र दिवसाच करा आणि डावीकडची खिडकी पकडा, समुद्र त्या बाजूला आहे. मधे हाय व्हान घाट लागतो. उंची ५०० मीटरच्या आतबाहेर, आपल्या घाटांपुढे फार नाही. पण उत्तरेचा गारठा तो तिथेच अडवतो. अलीकडे ढग आणि गारवा, पलीकडे लख्ख ऊन. लोक गाडीतच स्वेटर काढायला लागले.

होई आनला मुक्काम करून मी मी सन पाहायला गेलो. (ऐकायला गंमत वाटते, पण गावाचं नावच 'मी सन' आहे.) डोंगरांच्या वाटीत विटांची शिवमंदिरं, चौथ्या ते तेराव्या शतकातली, चंपा राज्याच्या काळातली. संस्कृत शिलालेख आहेत. १९९९ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे आणि आपल्या पुरातत्त्व खात्यानेही इथे दुरुस्तीचं काम केलं आहे. २०२० मध्ये त्यांना तिथे नवव्या शतकातलं एकसंध दगडाचं शिवलिंग सापडलं.

आमच्या गटात एक मराठी कुटुंब होतं. भाषा ऐकून लगेच ओळख झाली, त्यांनी मला चिवडा दिला. एका जागी मोठं मंदिर कोसळून विटांचा नुसता ढीग झाला आहे. ते पाहून काका हळहळले आणि म्हणाले, "पाडलं असणार कोणीतरी. आपल्याकडे पाडली तसंच." नंतर आणखी हळू आवाजात, "इथले लोकपण पुढे मुसलमान झाले म्हणे." माझं नाव त्यांनी अजून विचारलं नव्हतं.

मी काही बोललो नाही. गाईडनेच सांगितलं की हे मंदिर ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकन बॉम्बहल्ल्यात पडलं. व्हिएत काँगचे सैनिक या खोऱ्यात आसरा घेत होते. आजूबाजूचे खड्डेही बॉम्बचेच. काका गप्प झाले. माणूस वाईट नव्हता. त्याला एकच गोष्ट माहीत होती आणि समोर जे दिसेल ते तो त्या गोष्टीत बसवत होता. परत येताना मी नाव सांगितलं. ते म्हणाले, "अहो, मराठी किती छान बोलता!" हे आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे.

गाईड पुढे म्हणाला की चंपा राज्य संपलं, चाम लोक संपले, आता विटा राहिल्या. यातलं मधलं वाक्य खोटं आहे हे मला माहीत होतं, कारण आमच्या टीममधली एक मुलगी चाम आहे. २०१९ च्या जनगणनेनुसार व्हिएतनाममध्ये चाम लोकांची संख्या सुमारे १ लाख ७९ हजार आहे. तिचं गाव दक्षिणेला फान रांगजवळ. ती मला 'अन' म्हणते, म्हणजे दादा. "अन, मी सन पाहून थांबू नका, आमच्याकडे या," असं तिने कॉलवरच बजावलं होतं.

रात्रीच्या गाडीने मी सकाळी फान रांगला उतरलो. स्टेशनचं नावच 'थाप चाम', म्हणजे चामांचा मनोरा, आणि तो मनोरा स्टेशनजवळच्या टेकडीवर उभा आहे. पो क्लाँग गराईचं मंदिर. मी सनसारखा हा अवशेष नाही, इथे आजही पूजा होते आणि शरद ऋतूत काते सणाला गर्दी लोटते. हा देशातला सर्वांत कोरडा पट्टा. निवडुंग, मेंढ्या आणि द्राक्षांचे मांडव. डोळ्यांपुढे नाशिक-सांगली आलं.

आता नावाची गंमत ऐका. 'फान रांग' हा ज्या नावाचा अपभ्रंश आहे, ते नाव आहे पांडुरंग. चंपाचं हे शेवटचं दक्षिणेकडचं राज्य पांडुरंग या नावाने ओळखलं जाई. १८३२ मध्ये व्हिएतनामच्या मिन्ह मांग राजाने ते खालसा केलं. आपल्या विठोबाशी त्याचा संबंध जोडायला मी जाणार नाही. पण मराठी माणसाला तिथे उतरल्यावर परकं वाटणार नाही, एवढं खरं.

तिथल्या चामांचे दोन समाज आहेत. शिवाला आणि जुन्या देवराजांना पुजणारे ते 'अहिएर'. अल्लाहला आणि पैगंबरांना मानणारे ते 'अवल', त्यांना बनीही म्हणतात. शब्द ओळखलेत ना? आखिर आणि अव्वल. दोन्ही अरबी. म्हणजे तिथला हिंदू स्वतःची ओळख अरबी शब्दाने सांगतो आणि तिथल्या मुसलमानाचं जुनं राज्य होतं पांडुरंग. सतराव्या शतकातल्या पो रोमे राजाने दोघांमधला तंटा मिटवला, असं तिथली परंपरा सांगते. एक समाज गाईचं मांस खात नाही, दुसरा डुकराचं. एकमेकांच्या कार्यांना दोन्हीकडचे पुजारी जातात.

ती मुलगी बनी. मी गेलो ते दिवस रमुवानच्या आधीचे होते. रमुवान म्हणजे त्यांचा रमजान. तो सुरू होण्याआधी सगळी कुटुंबं पूर्वजांच्या कबरींवर जातात. वाळूत दगडांच्या रांगा, पांढरे कपडे घातलेली माणसं, पानसुपारी, फळं. मग महिनाभर त्यांचे 'अचार', म्हणजे धर्मगुरू, मशिदीत राहतात आणि सगळ्या समाजाच्या वतीने रोजे ठेवतात, नमाज पढतात. इतरांवर ते बंधन नाही.

दुपारी तिच्या घरी जेवलो. तिच्या आजीने माझ्यासाठी मासा केला होता. मी मुलीला विचारलं, "पाच वक्तची नमाज?" ती म्हणाली, "ते आमच्यासाठी अचार करतात." आणि मी, पाहुणा, तिच्या आजीच्या हातचं जेवत, इंग्रजीत म्हणालो, "मग हा काही इस्लाम नाही."

आजीने नातीकडे पाहिलं, पाहुणा काय म्हणाला म्हणून. नातीने भाषांतर केलं नाही. मला पाणी ओतून दिलं आणि द्राक्षांचं काहीतरी बोलायला लागली.

ती शांतता मी पूर्वी ऐकली होती. आमचं गाव रायगडात, खाडीकाठी. माझी दादी दरवर्षी नव्या भाताचे पोहे गावच्या पीराच्या दर्ग्यात घेऊन जायची, तिथे जमलेल्या पोरांना वाटायची. त्यात सगळ्या जातींची पोरं असत. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. हॉस्टेलवर नवं नवं ऐकलं होतं. सुट्टीत घरी येऊन सगळ्यांसमोर म्हणालो, "दादी, ही बिदअत आहे. तू काय मुसलमान आहेस?" दादीने पोह्यांचा डबा खाली ठेवला आणि मला विचारलं, "चहा घेशील?"

त्यानंतर मी घरी असताना ती कधी दर्ग्यात गेली नाही. मी नसताना चुलत भावाच्या हातून पोहे पाठवायची, हे मला ती गेल्यावर कळलं. माझ्यापासून लपवून.

मी सनमधल्या काकांना हसणं सोपं होतं. त्यांनी विटांचा ढीग पाहून निकाल दिला. मी तर जिवंत माणसाच्या घरात बसून दिला, आणि तोही दुसऱ्यांदा.

संध्याकाळी स्टेशनवर मी त्या मुलीची माफी मागितली. ती म्हणाली, "अन, आम्हाला सवय आहे. एक म्हणतात तुम्ही संपलात, दुसरे म्हणतात तुम्ही खरे नाही." आणि गाडी आली.

पुढे सायगावला दुसरा जुम्मा झाला, दोंग दू रस्त्यावरच्या जामिया मशिदीत. १९३५ मध्ये दक्षिण भारतातून आलेल्या मुसलमानांनी बांधलेली. उन्हाचा चटका मुंबईच्या मे महिन्यासारखा. तिथून मेकाँगच्या खोऱ्यात चाउ डॉकला गेलो. नदीपलीकडे चाम मुसलमानांची गावं आहेत, खांबांवर उभी घरं, बायकांचे हातमाग, मुबारक मशीद. हे चाम सुन्नी आहेत आणि शाफई, म्हणजे आम्हा कोकणी मुसलमानांच्याच मजहबचे. नमाज अगदी घरच्यासारखी. तिथल्या एका म्हाताऱ्यांना मी फान रांगच्या बनींबद्दल मुद्दाम विचारलं. मला वाटलं, आता निकाल ऐकायला मिळेल. ते म्हणाले, "ते आमचेच. वेगळे राहिलेत." आणि विणकाम पाहायला घेऊन गेले.

मित्रांनो, माझं मत बदललं, असं मी म्हणत नाही. नवस मला आजही पटत नाही. आपली चळवळ सुधारणेची आहे, 'हे चुकीचं आहे' असं आपण रोज म्हणतो आणि म्हणायलाच हवं. एका दमात दिलेला तलाक असो, मुलीची शाळा बंद करणं असो, तिथे कोणाचं तरी आयुष्य मोडतं. पण दादीच्या पोह्यांनी कोणाचं काय मोडत होतं? हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही. आणि तिलाही कधी विचारलं नाही, की तू हे का करतेस. आता विचारता येत नाही.

तेव्हा व्हिएतनामला जरूर जा. ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, मुंबईहून थेट विमान आहे. दहा-अकरा दिवस लागतात. त्यातला एक दिवस तिकीट नसलेल्या जागेसाठी ठेवा आणि त्या दिवशी जास्त विचारा, कमी बोला. आणि तिकडे जाण्याआधी, जमलं तर याच रविवारी, आपल्या गावाला जाऊन या. ज्यांच्या दादी-नानी आहेत, त्यांनी फोनचं रेकॉर्डिंग सुरू करावं आणि शेजारी बसावं. त्या दर्ग्यात जात असतील तर डबा धरायला सोबत जावं. वाद नंतर घालता येईल.