नाण्यावरील व्यंग : टांकसाळींतलें कीं मागाहूनचें?

पुण्याच्या जुन्या घरांत देवघरांतील डब्यांतून कधीं कधीं एखादी शिवराई निघते. तिच्या एका बाजूवर ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूवर ‘छत्र पति’ हीं अक्षरें असावयाचीं. परंतु हातीं आलेल्या नाण्यावर ‘श्री’ अर्धीच असते, अक्षरें दुहेरी दिसतात किंवा मधोमध एक चीर गेलेली असते. लगेच घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, नाणें बिघडलें. दुसरा म्हणतो, ही टांकसाळीची चूक, म्हणून नाणें अमोल! निकाल देण्यापूर्वीं नाणें पाडलें कसें जाई, हें ध्यानांत घेतलें पाहिजे.

शिवराई काय किंवा पेशवाईंत पुण्यास पडणारा अंकुशी रुपया काय, दोन्ही हातानें पाडलेलीं नाणीं. खालचा ठसा घट्ट बसविलेला, त्यावर धातूची चकती, तिच्यावर वरचा ठसा आणि त्यावर हातोड्याचा घाव. ठसा चकतीहून मोठा असे किंवा चकती जराशी सरके. त्यामुळें सबंध लेख क्वचितच उतरे. कंपनी सरकारच्या १८३५ सालच्या यंत्रावरील रुपयावर असें झालें तर ती चूक ठरेल. शिवराईच्या बाबतींत ती रीतच होय.

खऱ्या व्यंगाची पारख एका सूत्रांत सांगतां येते : ठशावर जें खोल, तें नाण्यावर उंच. ठसा तडकला, कीं घावासरशी धातू त्या भेगेंत शिरतो आणि नाण्यावर उंच शीर उमटते. मागाहून पडलेला ओरखडा मात्र खोल असतो, व त्याच्या कडेला सरकलेल्या धातूची वरंबी बोटाला लागते. दोनदां घाव बसल्यानें दुहेरी झालेलीं अक्षरेंहि उंचच असतात.

कधीं पाडलेलें नाणें वरच्या ठशालाच चिकटून राही. मग पुढच्या चकतीवर एका बाजूस सुलट व उंच, तर दुसऱ्या बाजूस तींच अक्षरें उलट व खोल उमटत. हें व्यंग दुर्मिळ, म्हणून त्याची नक्कलहि होते. दोन नाणीं शेगड्यांत दाबलीं, तर उलट अक्षरांखालीं मूळ अक्षरांचे अवशेष राहतात आणि दुसरी बाजू चेपते.

रुपयावरील सराफाच्या छिन्नीच्या खुणा मात्र टांकसाळीच्या नव्हेत. चांदीचा कस पाहण्यासाठीं त्या मारलेल्या असत. त्या इजा खऱ्या. पण नाणें कोणाकोणाच्या हातांतून गेलें, याच्या त्या साक्षीदार आहेत.

या पारखीचें महत्त्व केवळ किंमतीपुरतें नाहीं. शिवछत्रपतींच्या शिवराईवर सन नसतो. दोन नाण्यांवर एकच उंच शीर दिसली, तर तीं एकाच ठशाचीं. आणि जिच्यावर ती शीर लांब, ती शिवराई मागाहून पाडलेली. कागदपत्रें जेथें मुकीं असतात, तेथें ठशाची भेग बोलते. चिंच आणि राख लावून नाणें लखलखीत करणारा हात तीच शीर घासून टाकतो. म्हणून जुनें नाणें सांपडतांच तें घासूं नये. कोरड्या कागदांत गुंडाळून ठेवावें व पुण्यास १९१० सालीं स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेंतील जाणत्यांस दाखवावें. व्यंग टांकसाळीचें ठरो वा काळाचें, तें वाचावयाचें असतें, पुसावयाचें नसतें.