बंदुकीची शिस्त



‘शिस्त’ म्हटले की आज शाळेतील रांग किंवा कवायतीचे मैदान डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु मराठीत या शब्दाचा एक जुना अर्थ बंदुकीचा नेम असा आहे. शिस्त धरणे म्हणजे नळीचा रोख निशाणाशी जुळविणे. साध्या बंदुकीवर हे काम लोखंडाचे दोन लहान तुकडे करतात. नळीच्या तोंडाशी असते ती माशी आणि डोळ्याच्या बाजूस असते ती खाच किंवा भोक. त्यांत काच नाही, भिंग नाही, फारसा खर्चही नाही. तथापि ही खाच कोठे बसवावी, माशी किती जाडीची असावी, या प्रश्नांवर बंदूक घडविणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी विचार केला आहे. त्या विचाराचे सार एवढेच, की साधन माणसाच्या डोळ्याच्या मापाने घडवावे लागते.

या कामातील मूळ अडचण डोळ्याचीच आहे. खाच डोळ्याजवळ, माशी हातभर पुढे आणि निशाण शेकडो पावलांवर; अशा तीन अंतरांवरील तीन वस्तू एका रेषेत आणावयाच्या असतात. डोळा मात्र एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. हात लांब करून बोट उभे धरावे आणि पलीकडच्या झाडाकडे पाहावे, म्हणजे बोट पुसट होते. बोटाकडे पाहावे, तर झाड पुसट होते. यावर नेमबाजीचा जुना नियम असा की, माशी स्पष्ट पाहावी आणि निशाण थोडे पुसट राहू द्यावे. याचे कारण भूमितीत आहे. खाच व माशी यांत ५०० मिलिमीटर अंतर असेल आणि माशी खाचेच्या मध्यापासून केवळ एक मिलिमीटर सरकली, तर १०० मीटरांवर गोळी २० सेंटिमीटर बाजूला जाते. तेच अंतर ७३० मिलिमीटर केले, तर ही चूक सुमारे १४ सेंटिमीटरांवर येते. म्हणजे हात तोच, डोळा तोच. केवळ रचनेने चूक कमी होते.

याचे उत्तम उदाहरण ‘थ्री नॉट थ्री’ या नावाने आपल्याकडे खेडोपाडी ओळखल्या गेलेल्या ली-एनफील्ड रायफलीचे आहे. पोलीस चौकीतील शिपायाच्या खांद्यावर ती अनेक पिढ्यांनी पाहिली. उत्तर प्रदेशाच्या पोलीस दलाने तिला निरोप दिला तो २०२० साली. बोअर युद्धाच्या काळात (१८९९-१९०२) या घराण्यातील काही नव्या रायफलींचा नेमच सदोष असल्याचे उघडकीस आले. ५०० यार्डांवर गोळी सुमारे १८ इंच उजवीकडे जात असे. शिपायाने कितीही काळजी घेतली तरी तो चुकणारच होता. दोष माशी बसविण्यातला होता. पुढे निरनिराळ्या उंचीच्या माश्या ठेवून प्रत्येक रायफल प्रत्यक्ष झाडून जुळविण्याकडे अधिक लक्ष देण्यात आले.

१९०७ साली या रायफलीचा तिसरा प्रकार स्वीकारण्यात आला. तिच्या मागील पट्टीवर २०० पासून २,००० यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या. एवढ्यावर न थांबता डाव्या बाजूस आणखी एक तबकडी बसविली होती, ती २,८०० यार्डांपर्यंत, म्हणजे अडीच किलोमीटरांहून अधिक! एका पलटणीने मिळून दूरच्या समूहावर गोळ्यांचा वर्षाव करावा, ही त्यामागची कल्पना. पण हिशेब करून पाहावा. डोळ्यापासून ९० सेंटिमीटरांवर असलेली एक मिलिमीटर जाडीची माशी तेवढ्या अंतरावर सुमारे २.८ मीटर रुंदीचा भाग झाकते. तिच्याआड एक माणूस काय, चार-पाच माणसांची रांग दडून जाईल. जे दिसतच नाही, त्यावर नेम कसा धरावा? पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, ही तबकडी नव्या रायफलींवरून काढून टाकण्यात आली.

याहून महत्त्वाचा बदल नंतर झाला. जुन्या रायफलीत खाच नळीवर पुढे होती आणि तिच्यापासून माशीपर्यंतचे अंतर साडेएकोणीस इंचांच्या आसपास होते. दुसऱ्या महायुद्धात वापरात आलेल्या ‘नंबर चार’ रायफलीत खाचेऐवजी गोल भोक आले आणि ते डोळ्याच्या अगदी जवळ बसविण्यात आले. त्यामुळे अंतर २८ इंचांहून थोडे अधिक झाले. पट्टीवरील खुणाही १,३०० यार्डांवर थांबल्या. युद्धाच्या घाईत काही रायफलींना केवळ दोन भोके दिली गेली, एक ३०० आणि दुसरे ६०० यार्डांसाठी. गोळी निशाणाकडे जाताना खाली येत असते. पडणारी कोणतीही वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे १६ फूट खाली येते. म्हणून दूरच्या निशाणासाठी मागचे भोक उंच करावे लागते.

भोकाचा गुण कोणासही घरी पडताळून पाहता येईल. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून दाखवावा. पोस्टकार्डाला टाचणीने एक बारीक भोक पाडावे आणि चाळिशी लागलेल्या गृहस्थाने चष्मा उतरवून त्यातून वर्तमानपत्र वाचावे. मघाशी पुसट असलेली अक्षरे वाचता येऊ लागतात. बारीक भोकातून प्रकाशाचे मोजकेच किरण डोळ्यात शिरतात, त्यामुळे जवळचे व दूरचे दोन्ही बरेच स्पष्ट दिसते. (भोकातून सूर्याकडे मात्र कधीही पाहू नये.) शिवाय गोल भोकाच्या मध्याशी वस्तू आणण्याची डोळ्याला उपजतच सवय असते. नवशिक्या शिपायाला तीनऐवजी दोनच गोष्टी सांभाळाव्या लागतात. याची किंमतही आहे. भोक जितके बारीक, तितका उजेड कमी. तिन्हीसांजेला ते निरुपयोगी ठरते, म्हणून जवळच्या माऱ्यासाठी मोठे भोक ठेवतात.

माशीचीही अशीच कथा आहे. फार बारीक असेल तर अंधुक उजेडात हरवते. फार जाड असेल तर निशाण झाकते. तिला चकाकी असू नये म्हणून ती काळी करतात. कारण एका बाजूने ऊन पडले की उजळलेली कडाच खरी वाटते, आणि गोळी उन्हाच्या विरुद्ध बाजूस जाते. रायफल पडली तरी माशी वाकू नये म्हणून तिच्या दोहो बाजूंस लोखंडी कान ठेवतात.

भारतात हुगळीकाठच्या इशापूर कारखान्याने जुन्या घडणीची रायफल स्वातंत्र्यानंतरही चालू ठेवली. १९६२ च्या चीन युद्धानंतर तिला ७.६२ मिलिमीटर काडतुसासाठी नवे रूप दिले गेले. आरंभी मागच्या पट्टीवर २,००० चाच आकडा होता. काही वर्षांतच सुधारलेल्या प्रकारात तो ८०० मीटरांवर आणला गेला. २,८०० पासून ८०० पर्यंत आकडा खाली आला, कारण माणूस प्रत्यक्षात किती दूर पाहू शकतो, याची जाणीव रचनाकारांना हळूहळू होत गेली.

हेच भोक आज खेळाच्या मैदानावर कीर्ती मिळवून देत आहे. ऑलिंपिकमधील रायफल स्पर्धांत दुर्बिणीला परवानगी नाही. मागे भोक आणि पुढे माशीच्या जागी कडे, एवढ्यावरच नेम धरावा लागतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रकारात जगज्जेतेपद मिळविले. कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीत कांस्यपदक जिंकले. तेथे दहा गुणांचे वर्तुळ केवळ १०.४ मिलिमीटर रुंद असते.

पीक रक्षणासाठी परवाना घेतलेल्या शेतकऱ्याच्या छऱ्याच्या बंदुकीवर बहुधा नुसती माशीच असते. तेथे मागची खाच म्हणजे शेतकऱ्याचा स्वतःचा डोळा. गाल दस्त्यावर रोज वेगळा टेकला, तर मार रोज वेगळा बसतो. ज्या बंदुकीला खाच व माशी दोन्ही आहेत, तिची माशी घरी कानशीने घासू नये. माशी उतरली की मार वर चढतो. दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी.

शेवटी एक गोष्ट प्रत्येकाने ध्यानात ठेवावयास हवी. माशी दिशा दाखविते. झुडपाआड हललेले ते रानडुक्कर आहे की शेजारच्या शेतातील माणूस, हे ती सांगत नाही. निशाणाच्या पलीकडे वस्ती आहे की डोंगर, हेही ती सांगत नाही. रचनाकाराचे काम माशीपाशी संपते. त्यापुढे पाहण्याचे आणि संशय असेल तर चाप न ओढण्याचे काम बंदूक धरणाऱ्याचे आहे. शिस्त या शब्दाचे जुना आणि नवा, हे दोन्ही अर्थ तेथे एकत्र येतात.