आपला ल
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



डिझाइन म्हटलं की आपल्याला साडीचे काठ नाहीतर गाडीचा आकार आठवतो. मी बोलणार आहे बाईंनी पाचवीत माझ्याकडून पाटीभर गिरवून घेतलेल्या ‘ल’बद्दल.

मराठीचा ल पाकळीचा, हिंदीचा दंडाचा. आपला श देठाचा, त्यांचा गाठीचा. आपलं नागपूर १९५६ पर्यंत हिंदी-मराठी प्रांताची राजधानी. सीताबर्डीच्या पाट्यांवर आजही दोन्ही रूपं दिसतात आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

सरकारने डिझाइनसाठी काही केलं नाही, असं म्हणता येणार नाही. १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी, १९६९ मध्ये पवईच्या आयआयटीत आयडीसी. तिथे शिकवलेल्या र. कृ. जोशींनीच विंडोजमधला ‘मंगल’ फॉन्ट घडवला. २००७ मध्ये केंद्राने राष्ट्रीय डिझाइन धोरण मंजूर केलं. २००९ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय काढून मराठीसाठी देठाचा श आणि पाकळीचा ल प्रमाण ठरवले. २०२२ मध्ये तेच पुन्हा सांगावं लागलं.

का लागलं, ते माझ्या टीमचं काम बघितलं की कळतं. आम्ही एक मराठी अ‍ॅप केलं. सुट्टीत आले तेव्हा बाईंना मोठ्या हौसेने दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “अगं, हा ल मी शिकवलेला नाही.”

घरी येऊन कोड उघडला. फॉन्टमध्ये आपला ल होताच की! आजच्या बऱ्याच देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात. मजकूर मराठी आहे एवढं सांगितलं की आपलं रूप येतं. आम्ही भाषेच्या रकान्यात मराठीचा ‘एमआर’ लिहायच्या जागी हिंदीचा ‘एचआय’ लिहिला होता. जुन्या कामातून उचललेली ओळ, आणि तपासून मंजुरी माझीच! शासन निर्णय झालेला, फॉन्टवाल्यांनी दोन्ही आकार घासूनपुसून बसवलेले, आणि सगळं येऊन अडलं माझ्या टेबलावर. दुरुस्तीला पाच मिनिटंही लागली नाहीत. याचीच जास्त लाज वाटली.

स्मरणिकेचं काम बघणाऱ्यांना एक विनंती आहे. छपाईला देण्याआधी प्रुफात ल आणि श नीट बघा. बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्या बघणारच आहेत.